लॅपटॉपवरचा न्यूरल अँप पेडलमध्ये बसवायचाय? आधी हिशोब, मग कोड

नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात गिटार वाजवणारी जेवढी पोरं आहेत त्यातली निम्मी तरी आता न्यूरल अँप मॉडेलर वापरतात, म्हणजे नॅम, स्टीव्हन अॅटकिन्सनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, जे खऱ्या अँपचा आवाज न्यूरल नेटवर्कला शिकवून तोच वाजवतं, आणि सगळ्यांची गाडी शेवटी एकाच प्रश्नावर येते की दादा लॅपटॉपवर तर कडक वाजतंय, हेच एका डब्यात घालून पायाशी ठेवता येईल का? येतं. पण बऱ्याच जणांचं काय होतं, बोर्ड मागवतात, कोड कंपाइल करतात, गिटार लावतात आणि आवाज फाटल्यासारखा कर्र्र कर्र्र येतो, मग बोर्डला शिव्या. बोर्डची काही चूक नसते हो. त्याच्यावर किती ओझं टाकतोय ते कोणी मोजलेलंच नसतं.

म्हणून हा लेख. तुम्हाला थोडं सी प्लस प्लस वाचता येतं, सोल्डरिंग आयर्न धरता येतं आणि गिटार वाजवता येते एवढं मी धरून चाललोय. मशीन लर्निंगचं गणित यायची गरज नाही, बेरीज-गुणाकार आला तरी पुरे, आणि तो मात्र खरंच लागणार आहे.

स्टेप १: बोर्डला एका सॅम्पलमागे किती वेळ मिळतो ते काढा

ऑडिओ ४८ किलोहर्ट्झवर चालतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल, एक सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक माप. आता समजा तुमच्याकडे डेझी सीड हा ऑडिओसाठीचा छोटा बोर्ड आहे, त्यात एसटीएम३२एच७५० चिप, कॉर्टेक्स-एम७ कोअर, जास्तीत जास्त ४८० मेगाहर्ट्झ. ४८ कोटी भागिले ४८,००० केलं की येतात १०,००० सायकल, म्हणजे प्रोसेसरचे ठोके. एका सॅम्पलसाठी एवढंच बजेट, त्यातच मॉडेल, त्यातच ईक्यू, त्यातच कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, स्पीकरच्या पेटीचा आवाज देणारी फाइल), त्यातच नॉब वाचणं. आणि ही डेडलाइन म्हणजे सकाळची पंचवटी एक्सप्रेस आहे, तुम्ही नाशिकरोडच्या जिन्यात असलात तरी ती निघणार, सरासरी तुम्ही वेळेवर पोचता याला काही अर्थ नाही. एक ब्लॉक, म्हणजे एकत्र प्रोसेस होणारा सॅम्पलचा गठ्ठा, जरी उशिरा झाला तरी स्पीकरमधून क्लिक ऐकू येतोच.

आता मॉडेलकडे बघू. नॅमचे जुने ठरलेले चार साइझ आहेत, स्टँडर्ड, लाइट, फेदर, नॅनो, चारही वेव्हनेट पद्धतीचे, म्हणजे मागचे सॅम्पल बघून थराथराने (लेअरने) उत्तर काढणाऱ्या न्यूरल नेटवर्कचे. स्टँडर्डमध्ये १३,८०२ वेट्स, म्हणजे ट्रेनिंगमध्ये शिकलेले आकडे, असतात, लाइटमध्ये ६,५५४, फेदरमध्ये ३,०२६ आणि नॅनोमध्ये ८४२. ढोबळ नियम असा की दर सॅम्पलला प्रत्येक वेट एकदा वापरला जातो, म्हणजे एक गुणाकार आणि एक बेरीज. स्टँडर्डचे १३,८०२ गुणिले ४८,००० म्हणजे सेकंदाला साधारण ६६ कोटी गुणाकार-बेरजा. डेझीच्या १०,००० सायकलमध्ये १३,८०२ गुणाकार बसणार कसे? एम७ मध्ये फ्लोटसाठी व्हेक्टर युनिट नाही, एका वेळी एकच गुणाकार, वर मेमरीतून आकडे उचलायचा वेळ वेगळा. म्हणजे स्टँडर्ड डेझीवर चालवणं हे कागदावरच बाद झालं, बोर्ड विकत घ्यायच्या आधीच. फेदर कागदावर बसतो पण प्रत्यक्षात घाम काढतो, आणि नॅनोसुद्धा पहिल्या झटक्यात बसेलच असं नाही, का ते पुढे सांगतो, कारण तिथेच खरी मजा आहे.

एक गोष्ट इथेच क्लिअर करून टाकू कारण नवीन माणूस हमखास इथे गोंधळतो. या वेव्हनेट मॉडेलची मागे बघायची खिडकी ४,०९३ सॅम्पलची असते, म्हणजे साधारण ८५ मिलिसेकंद. याचा अर्थ ८५ मिलिसेकंद उशीर नाही!! मॉडेल फक्त मागचं बघतं, पुढचं नाही, त्यामुळे त्याची स्वतःची लेटन्सी शून्य. उशीर येतो तो ऑडिओ ब्लॉकमुळे आणि कोडेकमुळे, म्हणजे आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपमुळे.

स्टेप २: बोर्ड निवडा

मोटामोटी दोन रस्ते. एक डेझीसारखा मायक्रोकंट्रोलर, दुसरा रास्पबेरी पायसारखा लिनक्सवाला छोटा कॉम्प्युटर.

डेझीचं सुख म्हणजे चालू केला की सेकंदाच्या आत वाजतो, लिनक्स नाही, अपडेट नाही, एसडी कार्ड करप्ट होणं नाही, कोडेक बोर्डवरच आहे, आणि लहान डब्यात बसतो. दुःख म्हणजे वर काढलेलं बजेट. पाय ४ मध्ये चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर १.५ गिगाहर्ट्झचे, पाय ५ मध्ये चार ए७६ कोअर २.४ गिगाहर्ट्झचे, आणि दोघांतही निऑन आहे, म्हणजे एका इन्स्ट्रक्शनमध्ये चार फ्लोटवर काम. पाय ४ वर नीट कंपाइल केलेलं स्टँडर्ड मॉडेल चालतं, पायपेडल नावाचं तयार सॉफ्टवेअरही आहे ज्यात नॅम लोड करता येतो, फोनवरून नॉब फिरवता येतात. पण ऑडिओ कार्ड वेगळं घ्यावं लागतं, पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत करंट द्यावा लागतो, बूट व्हायला वेळ लागतो आणि गरम होतो. गरम होण्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि पाय ८० डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःचा स्पीड स्वतः कमी करायला लागतो. घरात पंख्याखाली मस्त चाललेला पेडल बंद डब्यात, उन्हातल्या स्टेजवर अचानक कर्र्र करायला लागला तर कारण बहुतेक हेच.

माझं मत विचाराल तर शिकायचं असेल तर डेझी घ्या, गिगला वापरायचं असेल आणि घाई असेल तर पाय. डेझीवर लाड चालत नाहीत म्हणून शिकणं होतं. हा लेख जास्त करून डेझीच्या अंगाने लिहितोय, पायवाल्यांसाठी मधेमधे सांगेन.

पार्ट्सचं म्हणाल तर रेझिस्टर, जॅक, ऑप-अँप, डीसी सॉकेट असलं किरकोळ नाशिकमध्ये मिळून जातं, बोर्ड ऑनलाइनच मागवा, आणि फूटस्विच, अॅल्युमिनियमचा डबा स्वतः हाताळून घ्यायचाय तर सकाळची पंचवटी पकडून दादरला उतरा आणि लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारा, संध्याकाळी त्याच गाडीने परत. डब्याला रंग द्यायचा असेल तर मात्र मुंबईला कशाला, अंबड-सातपूरला पावडर कोटिंगवाले आहेतच.

स्टेप ३: मॉडेल ट्रेन करा, पण पेडलच्या मापाचं

नेटवर टोन३००० सारख्या साइटवर हजारो कॅप्चर, म्हणजे कुणीतरी अँपवरून ट्रेन केलेली मॉडेल, फुकट मिळतात, बहुतेक स्टँडर्ड साइझचे. आणि एक लक्षात घ्या, स्टँडर्डची फाइल घेऊन ती कापून नॅनो बनवता येत नाही. लहान मॉडेल हवंय तर ते वेगळं ट्रेन करायचं. स्वतःकडे अँप नसेल तरी मार्ग आहे, लॅपटॉपवर स्टँडर्ड मॉडेल चालवा, त्यातून ट्रेनिंगची फाइल पास करा, आलेला आवाज रेकॉर्ड करा आणि त्यावर लहान मॉडेल शिकवा. फक्त ज्याचं कॅप्चर आहे त्याने काय अटी घातल्यात त्या वाचून घ्या.

खरा अँप असेल तर प्रोसेस साधी आहे. नॅमची ट्रेनिंगची वेव्ह फाइल, तीनेक मिनिटांची, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट मोनो, ती इंटरफेसमधून रीअँप बॉक्सने (इंटरफेसचा सिग्नल गिटारसारखा करून देणारी डबी) अँपमध्ये पाठवायची, अँपचा आवाज परत रेकॉर्ड करायचा, दोन्ही फाइल ट्रेनरला द्यायच्या. सुरुवातीच्या टकटक आवाजावरून ट्रेनर उशीर स्वतः जुळवून घेतो. आणि हे बोल्डमध्ये लिहितो: ट्यूब अँप स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी लोड देणारा डबा) न जोडता कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि मित्राचा अँप असेल तर मैत्रीही.

ट्रेनिंगला घरी ग्राफिक्स कार्ड नसेल तर गूगल कोलॅब वापरा, फुकटच्या जीपीयूवर काम होतं. आपल्याकडे लाइट गेली की वायफाय जातं आणि कोलॅबचा सेशन तुटतो, म्हणून ट्रेनिंग संपल्या संपल्या फाइल डाउनलोड करायची, चहा प्यायला नंतर जायचं.

शेवटी ट्रेनर एक आकडा देतो, ईएसआर, एरर टू सिग्नल रेशो. ०.०१ च्या खाली आला की बऱ्यापैकी जवळ गेलात असं समजा. नॅनोचा ईएसआर स्टँडर्डपेक्षा जास्तच येणार, त्यात रडायचं काही नाही. क्लीन आणि हलका क्रंच लहान मॉडेलला सोपा जातो, हाय गेनला लहान मॉडेल अडखळतं, विशेषतः नोट विझत जाताना. म्हणून पहिल्या पेडलसाठी हाय गेन मेटल टोन घेऊ नका. आणि डिले, रिव्हर्ब, कोरस असलं काही चालू ठेवून कॅप्चर करू नका, ८५ मिलिसेकंदांच्या खिडकीत ते मावतच नाही.

वेव्हनेट सोडून दुसरा एक पर्याय पण आहे, एलएसटीएम किंवा जीआरयू, म्हणजे मागचं लक्षात ठेवत पुढे जाणारी नेटवर्क. फिनलंडच्या आल्टो युनिव्हर्सिटीत अॅलेक राइट आणि मंडळींनी गिटार अँपसाठी यावर बराच अभ्यास केलाय, गिटारएमएल आणि आयडा-एक्स हे प्रोजेक्ट त्याच वाटेने गेले. १० युनिटचा जीआरयू घेतला तर फक्त ४०० च्या आसपास वेट्स होतात आणि डेझीवर आरामात बसतो, मागचे हजारो सॅम्पल साठवायची भानगड नाही. पण त्याची एक खोड आहे, पुढचा सॅम्पल काढायला मागच्या सॅम्पलचं उत्तर लागतं, त्यामुळे ब्लॉकमधले ४८ सॅम्पल एकत्र हाणता येत नाहीत, एकेक करूनच जावं लागतं. डेझीवर याने फार फरक पडत नाही, पायवर पडतो. नवख्याला मी सांगेन की डेझीवर पहिला जीआरयू चालवा, तो वाजला की मग नॅनोच्या मागे लागा.

स्टेप ४: आधी पीसीवर वाजवा

डायरेक्ट बोर्डवर उडी नको. जतिन चौधरीची आरटीन्यूरल नावाची सी प्लस प्लस लायब्ररी आहे, ती अशा रिअल टाइम कामासाठीच बनवलीये, किंवा नॅमचा स्वतःचा कोअर कोड आहे. पीसीवर एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो वेव्ह फाइल वाचतो, मॉडेलमधून काढतो, दुसरी वेव्ह लिहितो. मग ती पायथनमधल्या ट्रेनरच्या आउटपुटशी जुळवून बघा, फरक अगदी नगण्य यायला हवा. ही आउटपुट फाइल जपून ठेवा. पुढे स्पीडसाठी जे जे बदल कराल त्या प्रत्येकानंतर हिच्याशी जुळवायचं, नाहीतर आवाज बिघडला तो कुठल्या बदलाने हे शोधता शोधता सिंहस्थ येईल.

आरटीन्यूरल वापरताना मॉडेलचे साइझ कंपाइल टाइमला द्या, त्याची तशी सोय आहे. रनटाइमला जेसन वाचून लेअर बनवणारी पद्धत सोपी वाटते, पण कंपाइलरला जर आधीच माहीत असेल की इथे ४ गुणिले ४ चा मॅट्रिक्स आहे तर तो लूप उलगडून टाकतो, आणि लहान मॉडेलमध्ये लूपचा खर्चच गुणाकाराइतका असतो.

स्टेप ५: आता स्पीड वाढवा

हा सगळ्यात मोठा भाग आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी फुकटचं घ्या. डेझी डिफॉल्टला ४०० मेगाहर्ट्झवर चालतो, इनिट करताना बूस्ट ऑन केला तरच ४८०. कित्येकांना हे माहीत नसतं आणि ते एक षष्ठांश स्पीड असाच सोडून देतात. मग कंपाइलर, ओ-थ्री ऑप्टिमायझेशन लावा, फास्ट-मॅथ लावा, हार्ड फ्लोट आहे याची खात्री करा. पायवर असाल तर नेमका कोअर कुठला ते कंपाइलरला सांगा, जेनेरिक बिल्ड आणि कोअरप्रमाणे केलेला बिल्ड यात चांगलाच फरक पडतो. ओ-थ्रीने कोड फुगतो आणि डेझीची आतली फ्लॅश फक्त १२८ केबी आहे, त्यात मावलं नाही तर डेझीचा बूटलोडर टाकून प्रोग्रॅम एसरॅममधून चालवता येतो.

मग डबल शोधून मारा. कोडमध्ये कुठे ०.५ असं लिहिलं आणि मागे एफ लावला नाही की तो आकडा डबल होतो, आणि त्याच्याबरोबरचं सगळं गणित डबलमध्ये जातं. कंपाइलरला डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू करायला सांगा, तो स्वतः यादी देतो.

आता ती मजा जी मघाशी म्हटलं. नॅनोमध्ये ८४२ गुणाकार आहेत आणि ५४ वेळा टॅन-एच (कुठलाही आकडा उणे १ ते १ मध्ये दाबणारं फंक्शन) काढावा लागतो, दर सॅम्पलला. ८४२ कडे बघून सगळे घाबरतात, ५४ कडे कोणी बघत नाही. पण लायब्ररीतला टॅन-एच म्हणजे आतून एक्स्पोनेन्शियल, चुकांची तपासणी, काय काय. समजा एकाला १०० सायकल लागली तर ५४ ला ५,४०० सायकल, म्हणजे १०,००० च्या बजेटमधला अर्ध्याहून जास्त भाग नुसत्या टॅन-एचने खाल्ला! मॉडेल जितकं लहान तितका हा वाटा मोठा होत जातो, कारण गुणाकार चॅनेलच्या (एका लेअरमध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या आकड्यांच्या) संख्येच्या वर्गाप्रमाणे कमी होतात आणि टॅन-एच साध्या प्रमाणात. स्टँडर्डमध्ये १३,८०२ गुणाकारांना २४० टॅन-एच, म्हणजे एकामागे साधारण ५७, आणि नॅनोत एकामागे जेमतेम १५-१६. पीसीवर मोठं मॉडेल ऑप्टिमाइझ करणाऱ्यांचे सल्ले डेझीवर अर्धवट लागू पडतात ते यामुळेच.

उपाय म्हणजे जवळपासचा टॅन-एच. एक्स गुणिले (२७ अधिक एक्स वर्ग) भागिले (२७ अधिक ९ एक्स वर्ग), आणि एक्स ३ च्या वर गेला की १, उणे ३ च्या खाली गेला की उणे १. ३ ला याचं उत्तर बरोबर १ येतं, ठेवून बघा, म्हणून जोड दिसत नाही. थोडे गुणाकार आणि एक भागाकार, काम झालं. पण हा खऱ्या टॅन-एचपेक्षा मधल्या भागात थोडा वर राहतो, २ ला खरं उत्तर ०.९६४ आणि याचं ०.९८४. एका ठिकाणी हा फरक काही नाही, वीस लेअरमधून जाताना साचत जातो आणि टोन जरा बदलतो. त्यामुळे भारी पद्धत अशी की ट्रेनिंग करतानाच हा फॉर्म्युला वापरायचा, मग मॉडेल त्याच्यासकट शिकतं आणि बोर्डवर काही नुकसान राहत नाही. तेवढं पायथन जमत नसेल तर बदलून ऐका, क्लीन टोनला बहुतेक कळणारही नाही.

पुढे मेमरी. वेव्हनेटचा प्रत्येक लेअर मागचे काही सॅम्पल साठवून ठेवतो, त्यातल्या सगळ्यात लांबच्या लेअरला मागचे १,०२४ लागतात. नॅनोचा सगळा इतिहास मिळून ८,६९२ फ्लोट होतात, म्हणजे ३४-३५ केबी, आणि वेट्स फक्त साडेतीन केबीच्या आत. या चिपमध्ये डीटीसीएम नावाची १२८ केबीची मेमरी आहे जी प्रोसेसरच्या अगदी शेजारी असते, वाट बघायला लावत नाही. दोन्ही तिथेच ठेवा. डेझीवर ६४ एमबी एसडीरॅम आहे म्हणून हुरळून सगळं तिकडे टाकलं तर डेटा कॅश आहे १६ केबी आणि तुमचा इतिहास ३५ केबी, म्हणजे सतत बाहेर धावाधाव. एसडीरॅम डिले आणि लूपरसाठी ठेवा. तुलनेला सांगतो, स्टँडर्डचा इतिहास १९० केबीच्या वर जातो, तो डीटीसीएममध्ये बसतही नाही.

इतिहास साठवताना दर सॅम्पलला सगळा अॅरे एक घर सरकवणं हा नवख्यांचा आवडता प्रकार, तो करू नका. रिंग बफर करा, म्हणजे अॅरे जागेवर ठेवून फक्त इंडेक्स गोल फिरवा, साइझ दोनच्या घातांकात ठेवा म्हणजे इंडेक्स गुंडाळायला भागाकार लागत नाही, नुसता अँड लागतो.

पायवाल्यांनो, तुमच्यासाठी एक बारीक गोष्ट. निऑन चार-चारच्या गठ्ठ्यात काम करतं. स्टँडर्डचे चॅनेल १६ आणि ८, फेदरचे ८ आणि ४, सगळे चारच्या पाढ्यात. लाइटचे १२ आणि ६. तो ६ चारच्या पाढ्यात नाही, दोन गठ्ठे लागतात आणि दुसरा अर्धा रिकामा जातो. त्यामुळे कागदावर लाइट स्टँडर्डच्या निम्म्याने हलका दिसला तरी प्रत्यक्षात फायदा त्याहून कमी येऊ शकतो. स्वतःचं माप ठरवणार असाल तर चारच्या पटीतच ठरवा.

ब्लॉक साइझचं म्हणाल तर डेझीवर ४८ सॅम्पल ठेवा, एक मिलिसेकंद होतो. पायवर ६४ ने सुरू करा, १.३३ मिलिसेकंद, आणि क्लिक आले तर १२८. ब्लॉक १ सॅम्पलचा करून शून्य लेटन्सी मिळवायचा मोह होतो, पण प्रत्येक कॉलबॅकचा (दर ब्लॉकला बोलावलं जाणारं तुमचं ऑडिओ फंक्शन) वरखर्च असतो तो मग ४८ पट होतो. एक मिलिसेकंदात आवाज हवेतून जेमतेम एक फूट जातो, अँपपासून दोन पावलं मागे उभे राहिलात तरी त्याहून जास्त उशीर होतो, सोडा तो नाद.

क्वांटायझेशन (वेट्स कमी बिटांत गोल करणं) आणि प्रूनिंग (बिनकामाचे वेट काढणं) हे दोन शब्द यूट्यूबवर फार ऐकाल. आठ बिट वेट्स फोटो ओळखायला ठीक असतील, इथे गिटारची नोट विझत जाते तेव्हा सिग्नल अगदी बारीक असतो आणि हाय गेन त्याला उचलून धरतो, आकडे गोल केल्याची खरखर मग स्पष्ट ऐकू येते. प्रूनिंगमध्ये इकडचे तिकडचे वेट शून्य केले तरी प्रोसेसर शून्याने गुणायचा वेळ घेतोच, स्पीड काही वाढत नाही. त्यापेक्षा सरळ कमी चॅनेलचं मॉडेल ट्रेन करा.

आणि कॉलबॅकच्या आत मेमरी मागायची नाही, प्रिंट करायचं नाही, फाइल वाचायची नाही, लॉक घ्यायचा नाही. हे पायवर जास्त चावतं, कारण तिथे ऑपरेटिंग सिस्टीम मधे येते, म्हणून सीपीयू गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा आणि ऑडिओ थ्रेडला रिअल टाइम प्रायोरिटी द्या.

स्टेप ६: आयआर विसरू नका

अँपच्या हेडचं कॅप्चर असेल तर पुढे कॅबिनेटचा आयआर लागतोच, नाहीतर माशी घोंगावल्यासारखा आवाज. आता २,०४८ सॅम्पलचा आयआर साध्या पद्धतीने लावला तर दर सॅम्पलला २,०४८ गुणाकार. नॅनोचे किती होते? ८४२. म्हणजे तुमचं न्यूरल नेटवर्क राहिलं बाजूला, कॅबिनेटच दुप्पट-अडीचपट जड! लोक मॉडेल बारीक करत बसतात आणि खरा खादाड वेगळाच असतो. आयआर ५१२ सॅम्पलवर कापा, शेवटी हळूच फेड करा, साधारण १०.७ मिलिसेकंद उरतात आणि बँडमध्ये वाजवताना पुरतात, तळाचा बेस थोडा पातळ होतो एवढंच. मोठा हवाच असेल तर एफएफटीने तुकड्या-तुकड्यात करा. किंवा तिसरा शॉर्टकट, कॅप्चर करतानाच माइक लावलेल्या कॅबिनेटसकट करा, मग आयआरच नको. मॉडेलचं काम जरा अवघड होतं आणि कॅबिनेट बदलता येत नाही, पण पहिल्या पेडलला मी हेच करेन.

स्टेप ७: मोजा, आणि सगळ्यात वाईट वेळ मोजा

डेझीच्या लायब्ररीत सीपीयू लोड मीटर तयार आहे, सरासरी आणि कमाल दोन्ही देतो. कमाल बघा. ७० टक्क्यांच्या आसपास कमाल असेल तर सुखाने झोपा, ९० असेल तर नॉब फिरवताना किंवा स्विच दाबताना कधीतरी फुटणार. हाताशी ऑसिलोस्कोप असेल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये असतोच, तर कॉलबॅक सुरू होताना एक पिन हाय करा आणि संपताना लो, स्क्रीनवर थेट दिसतं की एका मिलिसेकंदातला किती वेळ खाल्ला. मोजताना गिटार वाजवत राहा आणि मग पूर्ण म्यूट करूनही मोजा. शांततेत आकडे इतके बारीक होतात की काही प्रोसेसर त्या डिनॉर्मल आकड्यांवर अडकतात, पीसीवर हे जास्त दिसतं. फ्लश-टू-झीरो (असे बारीक आकडे सरळ शून्य धरणं) चालू केलं की प्रश्न मिटतो.

स्टेप ८: डबा, पॉवर, लेव्हल

गिटार डेझीच्या इनपुटला थेट जोडू नका. गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, मधे ऑप-अँपचा बफर हवाच, नाहीतर ट्रेबल मरतो आणि तुम्ही दोष मॉडेलला देता. बफरनंतर एक ट्रिमपॉट ठेवा. मॉडेल ठराविक लेव्हलवर शिकलेलं असतं, तुम्ही निम्म्या लेव्हलने सिग्नल दिला तर क्रंच अँप क्लीन वाजतो, दुप्पट दिला तर चिखल. लॅपटॉपवर तेच मॉडेल लावून शेजारी शेजारी ऐका आणि ट्रिमपॉट जुळवा.

पॉवरला ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह, नेहमीचा पेडलवाला सॉकेट. पाय असेल तर ५ व्होल्टचा चांगला बक कन्व्हर्टर, त्याचा आवाज ऑडिओत शिरतो म्हणून त्याच्या तारा ऑडिओच्या तारांपासून दूर ठेवा. डिजिटल पेडल बाकीच्या अॅनालॉग पेडलबरोबर एकाच डेझी चेन अॅडॉप्टरवर (एका तारेवर सगळे पेडल, डेझी बोर्डशी याचा संबंध नाही) लावला की किंऽऽ अशी शिट्टी येते, आयसोलेटेड सप्लाय घ्या. गणपतीत मंडपात जनरेटरवर वाजवणार असाल तर नक्कीच घ्या.

स्टेप ९: दोन मॉडेलमध्ये स्विच

एक मॉडेल सुरळीत चाललं की सगळ्यांना फूटस्विचवर क्लीन आणि क्रंच हवा असतो. एकाचा आवाज कमी करत दुसऱ्याचा वाढवायचा म्हटलं तर तेवढा वेळ दोन्ही मॉडेल चालवावी लागतात, आणि ७० टक्के दुणे १४० टक्के, डेझी बसला खाली. मग असं करायचं, पाच-दहा मिलिसेकंदात आवाज शून्यावर आणायचा, मॉडेल बदलायचं, परत वर न्यायचा. पण नुसतं एवढं केलं तरी ठप्प असा आवाज येतो, कारण नवीन मॉडेलचा इतिहास सगळा शून्य असतो आणि मॉडेलमधल्या बायसमुळे शांततेतही त्याची आतली स्थिती शून्य नसते, ती जागेवर यायला वेळ लागतो. म्हणून आवाज बंद असतानाच त्याला ४,०९३ शून्य सॅम्पल खाऊ घालायचे, म्हणजे खिडकी एकदा पूर्ण भरते. ७० टक्के लोडवालं मॉडेल असेल तर याला साधारण ६० मिलिसेकंद लागतात. हे काम कॉलबॅकमध्ये नाही, मेन लूपमध्ये करा, तेवढा वेळ कॉलबॅकला नुसती शांतता पाठवू द्या. जीआरयूवाल्यांनो, तुमच्याकडे खिडकी नाही, तुम्ही ट्रेनिंगनंतर पीसीवर शून्य सॅम्पल पाजून स्थिरावलेली स्थिती एकदाच काढा, दहाच तर आकडे आहेत, त्या मॉडेलच्या फाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि स्विच करताना कॉपी करा, मग ते साठ मिलिसेकंद पण वाचतात. वेव्हनेटवाल्यांनी फूटस्विच ड्रमरच्या ठोक्यावर दाबायची सवय करावी, गॅप झाकली जाते.